राखेतलं बी

आमच्या वाडीत कुणाच्या घरी काय शिजतंय ते वासावरून सगळ्यांना कळतं. कुणाच्या चुलीत काय जळतंय ते मात्र एकट्या आनंदीवयनींना कळतं, आणि तेही जिभेवरून. राखेची चिमूट जिभेच्या टोकाला लावायची, डोळे मिटायचे, परड्यात थुंकायचं आणि निकाल द्यायचा. "आंब्याची आसा. पण मधी काजूचां लाकूड घातलंस." निकाल चुकल्याचं मी पंचेचाळीस वर्षांत ऐकलेलं नाही.

मी त्यांचा शेजारी. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो, म्हणून वाडी मला गुरुजी म्हणते. स्वभावाने मी तापट आहे असं माझी बायको राधाबाई सांगते. ते मी खोडायला जात नाही, कारण खोडायला गेलो की तापतोच. वाडी आमची धामापूरच्या तळ्यापासून चालत अर्ध्या तासावर. वयनींच्या आणि आमच्या घरांमध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा आहे, आणि त्या गडग्यावरून आमचं एवढी वर्षं एकाच गोष्टीवरून वाजत आलं आहे, ती म्हणजे राख.

माझ्या मते राख म्हणजे केर. सुपलीत भरावी, लांब नेऊन टाकावी, मोकळं व्हावं. वयनींच्या मते राख हे घरातलं कर्तं माणूस. त्यांच्या पडवीत राखेचे तीन डबे ओळीने असतात. पहिल्यातली चाळून मऊ केलेली, ती माशांना आणि भांड्यांना. वाम कधी साफ केली आहे का तुम्ही? मेलेली असली तरी ती हातातून सुटून मोरीच्या भोकाकडे धावते. वयनी मुठीत राख घेतात आणि वाम गुमान चिरून घेते. समईला आधी आंबट बिंबलीचं फळ चोळायचं, मग हीच राख, आणि मग समईत आपलं तोंड बघून घ्यायचं. दुसऱ्या डब्यातली राख जाडीभरडी, ती बाहेरच्या कामांना. फणसाखाली तिचा एक खळगा करून ठेवलेला आहे, त्यात कोंबड्या लोळतात आणि त्यांच्या अंगावरच्या उवा जातात. तिसरा डबा नारळाच्या सोडणांच्या, म्हणजे वरच्या सालींच्या राखेचा, तो फक्त माडांच्या आळ्यात ओतायचा. "सोडणाची राख माडाक. बियाक कोणी लावल्यान तर थोबाड फोडतलंय," असं त्या हवेत बोलतात, पण हवा माझ्याच दिशेला वाहत असते.

पावसाळ्यात आमच्या पायऱ्यांवर शेवाळ चढतं. एका आषाढात वयनींनी मला न विचारता त्यावर सूपभर राख भिरकावली. मी पडवीतून ओरडलो, "वयनी, ह्यां घर आसा की मसण?"

"पडलात तर मसण, नाय पडलात तर घर," त्या म्हणाल्या आणि रिकामं सूप झटकून गेल्या.

माझी सगळ्यात मोठी फजिती काजूने केली. ओले काजूगर काढताना सालीतला चीक उडतो आणि कातडी भाजतो. बायका हातांना राख चोळून बसतात. मी म्हटलं, विज्ञान शिकवणारा माणूस राख फासून बसला तर पोरं काय म्हणतील? नुसत्या हातांनी शंभरेक बिया फोडल्या. पुढचे पंधरा दिवस माझ्या बोटांची सालं निघत होती आणि मी चमच्याने भात खाताना बघून राधाबाई तोंडाला पदर लावत होती. दुसऱ्यांदा मी राखेत युरिया कालवून वांग्यांना घालायला निघालो, तर नाक असं झोंबलं की डोळ्यांतून पाणी. गडग्यापलीकडून आवाज आला, "तां गेला सगळा वाऱ्यार. राख येगळी घालूची, खत येगळां. मधी पंधरा दिस जावक होये." मी घरात जाऊन पुस्तक काढलं आणि त्यांना समजावलं की युरियातला अमोनिया उडून जातो. त्या म्हणाल्या, "तां माका नाकान सांगल्यान."

पण ही झाली फुटकळ कामं. वयनींची राख खरी राबते ती बियासाठी. त्यांच्याकडे तांबड्या भाजीचं एक बी आहे. तांबडी भाजी काय, बाजारात ढिगाने मिळते. पण वयनींची भाजी पानापासून मुळापर्यंत तांबडी, खोबरं घालून परतली की शेजारचा भातही लाल करते, आणि शिमगा आला तरी जून होत नाही. बी काळं, चकचकीत आणि इतकं बारीक की चष्मा लावूनही मला ते मोजता येत नाही. वयनींना ते सासूकडून आलं, सासूला तिच्या सासूकडून. मे महिना संपताना ते राखेत कालवून मातीच्या मडक्यात भरायचं, तोंडाला फडकं बांधायचं, वर शेणमातीने लिंपायचं. पावसाचे चार महिने आमच्याकडे पापड, पुस्तकं आणि माणसं सगळी दमट होतात. राखेतलं बी तेवढं कोरडं राहतं, त्याला कीडही लागत नाही.

तुळशीचं लग्न झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीतल्या दहा घरच्या बायका वयनींच्या अंगणात जमतात. तोवर भात कापून मळे मोकळे झालेले असतात. प्रत्येकीने येताना आपल्या चुलीची डबाभर राख आणायची. वयनी ती चाखणार, पास-नापास करणार, आणि पास झालेल्या राखेच्या बदल्यात मडक्यातली ओंजळभर राख बियासकट देणार. ती तशीच वाफ्यावर भुरभुरायची. नुसतं बी टाकलं तर एका जागी गठ्ठ्याने पडतं, राखेमुळे ते सारखं पसरतं, कुठे पडलं ते दिसतं आणि मुंग्या पळवत नाहीत. रोपं चार बोटं वर आली की सकाळी दंव असताना पानांवर पुन्हा राख, म्हणजे अळी धरत नाही. यात मला आजवर एकही चूक काढता आलेली नाही, आणि याचा मला रागच आहे.

नियम एकच. भाजी पेरा, खा, वाटा, पण बी धरू नका. भाजी फुलावर यायच्या आत उपटायची. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी हिरव्या माठाशेजारी तांबडी फुलायला ठेवली होती, आणि पुढच्या साली पट्ट्यापट्ट्यांची भाजी उगवली. वयनी तीन दिवस जेवल्या नाहीत. तेव्हापासून बी फक्त त्यांच्या वाफ्यात आणि त्यांच्या मडक्यात. माघ-फाल्गुनात झाडं पिकत असताना त्या एक रात्र घर सोडत नाहीत. त्यांचा मुलगा कौस्तुभ गोव्यात नोकरीला. त्याने तिथे फ्लॅट घेतला त्याला सहा वर्षं झाली, नात चार वर्षांची झाली, पण आजी अजून तिकडे राहायला गेलेली नव्हती. माघात झाडं पिकतात, मेमध्ये मडकं भरायचं, पावसात मडक्यावर लक्ष ठेवायचं. जायचं कधी?

आणि गेली दोन वर्षं एका काळजीने त्यांना धरलं होतं. एकदा गडग्यावर कोपर टेकून त्या म्हणाल्या, "गुरुजी, मी गेल्यार ह्या बियाचा काय व्हतला? संचिताकडे गॅस. थंय राख खंयसून येतली?" संचिता म्हणजे त्यांची सून, गुणी मुलगी, पण सातव्या मजल्यावर राहणारी. मी आपला सवयीप्रमाणे फटकन बोललो, "बाजारात पाकीट गावता." त्या चार दिवस गडग्याकडे फिरकल्या नाहीत. जिभेला हाड नसतं म्हणतात, पण निदान डोकं तरी असायला हवं होतं. मला फार लाज वाटली.

गेल्या मे महिन्यात कौस्तुभने आईसाठी आंघोळीचं पाणी तापवायला सोलर बसवून दिला. न्हाणीची चूल थंड पडली आणि ऐन बी भरायच्या वेळी वयनींना राख कमी पडली. मला वाटलं, झालं ते भरून काढायची हीच वेळ. आमच्या चुलीची राख मी स्वतःच्या हाताने दोनदा चाळली आणि दोन डबे गडग्यावरून पुढे केले. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा! वयनींनी डबा उघडला, माझ्याकडे बघितलं आणि झाकण परत लावलं.

"चाखणास नाय?" मी विचारलं.

"गुरुजींची राख. तुमची काय परीक्षा घेवची?"

त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो.

आता ही राख कसली होती ते सांगतो. राधाबाईचा भाऊ दत्ताराम आरोंद्याला असतो. त्याने खाडीतली जुनी होडी मोडून फायबरची घेतली आणि जुन्या फळ्या जळणाला फुकट नेता का म्हणून विचारलं. फुकट म्हटल्यावर मी टेंपोच घेऊन गेलो. तीस वर्षं खाऱ्या पाण्यात मुरलेलं लाकूड ते. चुलीत घातलं की पिवळाधमक जाळ निघायचा. मी राधाबाईला हाक मारून तो दाखवायचो, आणि वर समजावायचो की हा मिठामुळे बरं का! मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं हे मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं. जूनमध्ये मिठाची उघडी बरणी टेबलावर ठेवायची आणि आठवड्याने तिला सुटलेलं पाणी दाखवायचं, हा माझा ठरलेला प्रयोग. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझ्या डोक्यात त्या दोन डब्यांची आणि त्या बरणीची गाठ काही पडली नाही.

तुळशीचं लग्न लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वयनींचं अंगण भरलं. एरवी मी तिकडे जात नाही, पण या वर्षी बियाला माझी राख होती, म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून खुर्ची टाकून बसलो होतो. वयनींनी लिंपण फोडलं, फडकं सोडलं, हात आत घातला आणि तो तसाच थांबला. बाहेर आला तेव्हा कोपरापर्यंत काळा चिखल, आणि कुजका वास.

"मडक्याक भेग नाय," त्या म्हणाल्या. "मगे पाणी खंयसून इला?"

त्यांनी तो चिखल तळहातावर पसरला, एक दाणा चिमटीत धरला, तो चेपून गेला. दुसरा धरला, तोही. मग त्यांनी बोट जिभेला लावलं.

"खारट," त्या म्हणाल्या. "मीठ आसा ह्यात."

गप्प बसता आलं असतं. होडीच्या फळ्यांची गोष्ट मी आणि राधाबाई सोडून वाडीत कुणाला माहीत नव्हती. पण कोवळं ऊन पडलेल्या त्या अंगणात वयनींचा चेहरा मला बघवेना. मी उभा राहिलो. "वयनी, राख माजी. दत्तारामाच्या होडयेच्या फळयांची. माका समजूक होया होता."

मला वाटलं, आता पंचेचाळीस वर्षांचं सगळं निघणार. निघालं असतं तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमची नाय, चूक माजी. चाखल्याशिवाय घातलंय." आणि पायरीवर बसल्या. "सासयेन दिलेला बी. माज्या हातात संपला."

तिथे माई बसली होती, आमच्या वाडीतली सगळ्यात म्हातारी, पंच्याऐंशी वर्षांची. ती खाकरली.

"आनंदी, रागावशीत नाय तर एक सांगतंय."

"रागावतलंय."

"मगे ऱ्हवांदे."

"सांग गो माई!"

"माज्याकडे आसा थोडा."

"काय आसा?"

"बी."

माईने कनवटीची तपकिरीची डबी काढली. ही डबी ती जिवापाड जपते, घरच्यांनाही हात लावू देत नाही, आणि तिला तपकिरीचं व्यसन आहे असं आम्ही सगळे समजत होतो. डबीत तपकीर नव्हती. पांढरी राख होती आणि राखेत काळे, चकचकीत दाणे.

"कधीपासून?" वयनींचा आवाज चढला.

"सोळा वर्सां झाली. दर वर्साक दोन झाडां फुलूक ठेवतंय. गोठ्याच्या पाठी, तुका दिसा नये म्हणान."

वयनी काही बोलायच्या आत गौरजा उभी राहिली. ही आमच्या अंगणवाडीची बाई, मुलांना खोटं बोलू नये असं रोज शिकवते. "काकी, रागावू नको. माज्याकडे पण आसा. औषधाच्या बाटलयेत." मग तिसरी उठली, मग चौथी. दोघी तर एकदमच उठल्या आणि एकमेकींकडे बघून परत बसल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथे भर सकाळी सगळं अंगण लखलखलं. दहा घरांपैकी सात घरांत बी निघालं, आणि सातही घरांनी ते राखेत ठेवलेलं होतं.

मी म्हटलं, निदान माझं घर तरी सरळ आहे. तेवढ्यात आठवी म्हणून राधाबाई उठली, माझ्याकडे न बघता गडगा ओलांडून घरी गेली आणि माझी परीक्षानळी घेऊन आली. वर कापसाचा बोळा, आत राख, राखेत बी. माझ्याच पेटीत, माझ्याच पुस्तकांच्या तळाशी ती नऊ वर्षं होती.

"माका सांगूक नाय तां?" मी म्हटलं.

"तुमका सांगलंय असतां तर सांजवेळापर्यंत गडग्यावरसून सगळ्या वाडयेक ऐकू इला असता," ती म्हणाली.

"चोरटी मेलीं!" वयनी कडाडल्या. "सगळी वाडी चोर! आणि भाजी पट्ट्यांची करून ठेवलास काय?"

"नाय गो," माई म्हणाली. "हिरवो माठ आमी वाडयेत पेरूचोच बंद केलो. तुका इतक्या वर्सांत कळाक नाय?"

मग वयनींनी एकेकीला घरी पिटाळून बी आणायला लावलं आणि सगळ्या डब्या, बाटल्या आणि माझी परीक्षानळी ओळीने मांडली. एकेकीतली राख चाखली आणि एकेकीला झाडलं. माईची फणसाची, पास. गौरजाने चुलीत वह्यांचे कागद जाळले होते, तिला दम. दाणे तळहातावर घेऊन त्यांनी उन्हात धरले, नखाने दाबून बघितले. एकही चेपला नाही. राधाबाईची नळी उघडताना त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ही तरी होडयेची नाय मां?" आणि त्यांना हसू फुटलं. ते काही केल्या थांबेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, त्या पदराने पुसत होत्या आणि पुन्हा हसत होत्या. बायकांना आधी कळेना हसावं की नाही, मग सगळं अंगणच हसायला लागलं. मीही हसलो. मला तर रडूच येत होतं खरं म्हणजे, इतका जीव हलका झाला होता.

"मी आपली समजा होतंय," त्या म्हणाल्या, "मी आसंय म्हणान ह्यां बी आसा. दोन वर्सां माका झोप नाय. आणि तुमी सोळा वर्सां माका फसयतास!" मग माईचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

त्याच दिवशी सगळं बी एकत्र कालवलं आणि दहाही घरांना वाटलं. नियम बदलला. आता प्रत्येक घराने दोन झाडं फुलायला ठेवायची आणि आपलं बी आपण राखेत जपायचं. ते खरंच ठेवलं का हे बघायला पावसाच्या आधी वयनी घरोघर फिरणार. "गुरुजी, तुमी मात्र राधाक विचारल्याशिवाय चुलीत हात घालू नकास," हा माझ्यापुरता खास नियम. होडीच्या उरलेल्या फळ्यांची राखही वाया जाऊ दिली नाही. ती शेवाळावर टाकायला ठेवली आहे, कारण खारट राखेवर शेवाळ दुप्पट रागावतं आणि पायरी सोडून जातं असं वयनींचं म्हणणं. मी पुस्तकात बघितलं नाही. असेल खरं.

भाजी आली. या वर्षी वाडीतला भात घरोघर लाल होता. माघात वाफे फुलले, तुरे भरायला लागले, आणि एका सकाळी वयनी नवं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन गडग्यापाशी उभ्या.

"कौस्तुभाकडे जातंय. आठ दिस."

"आता?" मी म्हटलं. "झाडां पिकतत मां!"

"पिकांदेत," त्या म्हणाल्या आणि एसटी गाठायला निघून गेल्या.

त्यांच्या वाफ्याची जबाबदारी मला कुणी दिली नव्हती, मीच घेतली. रोज सकाळी काठी घेऊन पाखरं हाकायची, संध्याकाळी गौरजा येऊन तुरे बघून जायची, माई गोठ्यामागून ओरडून सूचना करायची. सहा दिवस झाले तरी वयनींचा फोन नाही. शेवटी मीच लावला. पलीकडे नातीचा दंगा चालला होता, वयनी तिला काहीतरी भरवत होत्या. सोलकढी संचिताने छान केली, खिडकीतून जहाजं दिसतात, लिफ्टची आता भीती वाटत नाही, असं पुष्कळ बोलल्या. बियाचं नावच नाही. मला राहवेना.

"वयनी, झाडांचा काय ता विचारूचा नाय?"

"कित्याक?" त्या म्हणाल्या. "तुमी सगळी आसात मां थंय?"